गोळ्यांचा हिशोब जुळतो, रिपोर्ट जुळत नाही

पत्र:

ताई, आमची निफाड तालुक्यात चार एकर द्राक्षबाग आहे. ह्यांना 2018 साली एचआयव्ही निघाला, तेव्हापासून नाशिकला एआरटी, म्हणजे एचआयव्हीची रोजची गोळी, चालू आहे. माझी तपासणी निगेटिव्ह आली होती. घरात सासूबाई, दीर, जाऊ, कुणाला काही माहीत नाही. गोळ्यांची बाटली कपाटात माझ्या साड्यांखाली असते. मागची काही वर्षं ह्यांच्या रिपोर्टात विषाणू दिसतच नव्हता. औंदा द्राक्षाच्या हंगामात मी सहज बाटली मोजली तर महिनाअखेरीला पाच गोळ्या जास्त निघाल्या. मोठं भांडण झालं. तेव्हापासून दर रविवारी मी ह्यांच्या नकळत मोजते. तीन महिने झाले, एका गोळीचाही फरक नाही. आणि आता व्हायरल लोड आला 2,300. हे शपथ घेऊन सांगतात, एकही चुकवली नाही. मग खरं कोण, बाटली की रिपोर्ट? मोबाईलवर पाहिलं की टोपणात चिप असलेली बाटली मिळते, कधी उघडली ते सगळं कळतं. ती मागवू का? की दिराला विश्वासात घेऊन लक्ष ठेवायला सांगू? तशी ह्यांची तब्येत चांगली आहे, फक्त पित्त फार होतं. रात्री ती गोळी, पित्ताचं गुलाबी औषध आणि कंबरेसाठी दिलेली कॅल्शियमची गोळी, सगळं एकदमच घेतात आणि मोटर चालू करायला बागेत जातात. मला रात्र रात्र झोप लागत नाही.
– एक वाचक, निफाड तालुका

ताई,

आधी आकड्याचं बोलू, झोप त्यानेच उडाली आहे. 2,300 म्हणजे एक मिलिलिटर रक्तात विषाणूच्या तेवढ्या प्रती. आपल्याकडे रेघ 1,000 वर ओढलेली आहे. आकडा त्याच्या वर गेला की एआरटी केंद्रातले समुपदेशक पुन्हा पुन्हा बोलावतात, गोळ्या कशा घेता ते खोदून विचारतात आणि साधारण तीन महिन्यांनी रक्त परत तपासतात. दुसऱ्यांदाही वर राहिला तरच डॉक्टर औषध बदलायचा विचार करतात. म्हणजे तुमच्या हातात तीन महिने आहेत, आणि तेवढ्यात कारण सापडलं तर बरेचदा त्याच गोळीवर आकडा खाली येतो.

आता बाटली खरी की रिपोर्ट खरा? माझ्या मते दोन्ही खरे असू शकतात. दोघं वेगवेगळी गोष्ट मोजतात.

मी अशाच केंद्रात औषधाच्या खिडकीत बरीच वर्षं काढलेली बाई आहे. समोरचा माणूस बाटली पुढे सरकवायचा, मी ती ट्रेवर उपडी करायची आणि पाच-पाच गोळ्या बाजूला लोटायची. हिशोब पाचवीच्या गणिताचा. मागच्या वेळी 2 शिल्लक होत्या, 30 नव्या दिल्या, आज 28 दिवसांनी बाटलीत 6 आहेत. म्हणजे बाटलीतून गेल्या 26, जायला हव्या होत्या 28. टक्के निघाले 93. हा आकडा कार्डावर लिहायचा. 95 च्या वरचे नीट घेणारे, 80 ते 95 मधले वेगळे, 80 च्या खालचे वेगळे. दिवसाला एक गोळी असेल तर 95 ची अट दिसते त्याहून कडक आहे: महिन्यात एक राहिली तर 96.7, दोन राहिल्या की 93.3, संपलं. तुमच्या पाच गोळ्या म्हणजे 83.

पण पाच कोणत्या? हे बाटली सांगत नाही. पाच वेगवेगळ्या आठवड्यांत एकेक राहिली असेल तर आताच्या गोळीचा अंमल सहसा टिकून राहतो. सलग पाच दिवस राहिल्या असतील तर रक्तातलं औषध ओसरतं आणि विषाणूला रान मोकळं मिळतं. टक्के दोन्हीकडे 83 च. शिवाय बाटली फक्त एवढंच सांगते की गोळी बाटलीबाहेर गेली. पोटात गेली की नाही, आणि पोटात जाऊन रक्तात उतरली की नाही, हे तिला ठाऊक नसतं.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. सातपूरला कामाला असलेला एक गडी यायचा. एकदा त्याच्या सात-आठ गोळ्या शिल्लक निघाल्या. रांग मोठी होती, माझं डोकं तापलेलं होतं, मी चार माणसांत त्याला नको ते बोलले. पुढच्या महिन्यात हिशोब चोख, त्याच्या पुढच्याही महिन्यात. मी मनात म्हटलं, बघा, कान पिळला की कसा माणूस सुधारतो. वर्षाचा व्हायरल लोड आला तो पाच आकडी. पुढे कधीतरी त्यानेच सांगितलं. बसमधून उतरला की तो स्टँडवरच्या एका बाकावर बसायचा, उरलेल्या गोळ्या मोजायचा, जास्तीच्या कागदात बांधून कचऱ्यात टाकायचा आणि मग माझ्यापुढे यायचा. गणित त्याला माझ्याइतकंच येत होतं. मी फक्त त्याला ते करायला भाग पाडलं होतं.

तुमचे मालक असं करतात असं मी म्हणत नाही. ते मला माहीत नाही आणि बाटली मोजून तुम्हालाही कळणार नाही. पण एक सांगते. तुम्हाला वाटतं तुम्ही नकळत मोजता. ह्या बाटल्या पिशवीत खुळखुळतात, शेजारी बसलेल्याला ऐकू जातं, म्हणून बहुतेक जण आत कापसाचा बोळा दाबून ठेवतात. तुमच्याकडेही असेलच. साडीची घडी बदललेली नवऱ्याला कळत नाही, पण आपण दाबलेला कापूस दुसऱ्याने काढून परत कोंबला की पहिल्या रात्रीच कळतं. भांडण झाल्यापासून त्या घरात दोघंही मोजत असणार, आणि दोघंही गप्प.

मग व्हायरल लोड तरी काय सांगतो? तुम्ही द्राक्षवाले आहात, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. एक्स्पोर्टच्या बागेत फवारणीची वही असते: अमुक तारखेला अमुक औषध, काढणीआधी इतके दिवस बंद. वही शेतकरी लिहितो. पण कंटेनर सुटतो तो रेसिड्यूच्या, म्हणजे मण्यात उरलेल्या औषधाच्या, रिपोर्टवर, कारण वहीत काय लिहिलंय त्याच्याशी मण्याला देणंघेणं नसतं. बाटलीची मोजणी, केंद्रातल्या नोंदी, 'एकही चुकवली नाही' हे तोंडी उत्तर, ही सगळी फवारणीची वही झाली. व्हायरल लोड हा रेसिड्यूचा रिपोर्ट, फक्त उलट्या बाजूने: औषध किती आहे हे तो सांगत नाही, औषधाने विषाणूचं काय केलं ते सांगतो. त्याच्याशी कुणाला खोटं बोलता येत नाही. पण वही कशी चुकली, तेही तो सांगत नाही. आणि तो उशिरा येतो. उपचार सुरू झाल्यावर सहाव्या महिन्यात, मग बाराव्या महिन्यात आणि सगळं नीट असेल तर पुढे वर्षातून एकदा. मधले अकरा महिने वहीवरच काढायचे असतात, म्हणून ती नीट लिहिलेली बरी.

आणि 2010 चा हंगाम तुमच्या घरात नक्की कुणाला तरी आठवत असेल. वह्या ठीक, इथले रिपोर्ट ठीक, तरी युरोपात कंटेनर अडकले, वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाटचे अंश सापडले म्हणून. आपल्या तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हतंच. जे कुणी शोधलं नाही ते कुणाला दिसलं नाही.

तुमच्या पत्रात तसंच झालंय असा मला दाट संशय आहे. तुम्ही पाच गोळ्यांवर अख्खं पत्र लिहिलंत आणि खरी गोष्ट शेवटी, तब्येत चांगली आहे हे सांगताना, जाता जाता लिहिलीत: गोळी, पित्ताचं गुलाबी औषध आणि कॅल्शियम, सगळं एकदम.

आता बहुतेकांना सरकारी केंद्रातून जी एकच गोळी मिळते तिला टीएलडी म्हणतात. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर अशी तीन औषधं तिच्यात असतात. त्यातलं डोल्युटेग्राविर फार गुणाचं आहे, एखाददुसरी चूक पोटात घालतं, पण त्याचं एका गोष्टीशी वाकडं आहे: ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, लोह. हे क्षार पोटात त्याला चिकटतात आणि मग ते आतड्यातून रक्तात नीट उतरत नाही. पित्ताच्या बहुतेक पातळ औषधांत ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमच असतं. म्हणून नियम असा आहे की एआरटीची गोळी पित्ताच्या औषधाच्या दोन तास आधी घ्यायची, नाहीतर त्यानंतर सहा तासांनी. कॅल्शियमला आणि लोहाच्या गोळीलाही हाच नियम. त्यात एक सवलत आहे: कॅल्शियम किंवा लोह भरल्या पोटी, जेवणासोबत घेतलं तर एआरटीबरोबर चालतं. पित्ताच्या औषधाला ती सवलत नाही.

म्हणजे तीस दिवस, तीस गोळ्या, बाटलीचा हिशोब शंभर टक्के, शपथही खरी, आणि रक्तात मात्र निम्मंशिम्मंच औषध. हे असंच झालंय हे मी इथे बसून ठरवू शकत नाही. पण केंद्रात हा प्रश्न कुणी विचारला का? बहुधा विचारला नसेल, कारण पित्ताच्या बाटलीला आपण औषध म्हणतच नाही, किराण्यासारखी आणतो. 'दुसरं काही औषध चालू आहे का?' ह्याला तुमच्या मालकांनी सरळ मनाने 'नाही' म्हटलं असणार.

दुसरी शंका रात्रीच्या वेळेची. 2018 च्या सुमारास सुरू केलेल्या बऱ्याच जणांना आधी एफाव्हिरेन्झवाली गोळी होती. तिने गरगरायचं, विचित्र स्वप्नं पडायची, म्हणून ती झोपताना घ्यायला सांगत. पुढे गोळी बदलली, रात्रीची सवय तशीच राहिली. डोल्युटेग्राविरला रात्रच हवी असं काही नाही. उलट काहींची झोप त्याने उडते, त्यांना सकाळीच बरी. आता तुमच्या घरची रात्र बघा. आठवडाभर रात्रीची लाईट असली की माणूस मोटरीवर. हंगामात पहाटे माल काढायला मजूर येणार, व्यापारी येणार, गाडी भरायची. बाटली कपाटात साड्यांखाली, जाऊबाई त्याच खोलीत कपडे घड्या करत बसलेल्या. अशा घरात रात्री नऊची गोळी महिन्यात पाचदा राहिली ह्याचं मला नवल वाटत नाही, पंचवीसदा घेतली ह्याचं वाटतं. सकाळच्या चहाबरोबर वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. वेळ बदलली तर पित्ताच्या औषधाशी अंतरही आपोआप पडेल.

चिपवाली बाटली खरी आहे. टोपण उघडलं की तारीख आणि वेळ आत नोंदली जाते. संशोधनात ती बरीच वापरली गेली. 95 टक्क्यांचा तो प्रसिद्ध आकडासुद्धा अमेरिकेत 2000 साली प्रसिद्ध झालेल्या, अशाच टोपणांवर केलेल्या अभ्यासातून रूढ झाला, आणि तोही तेव्हाच्या जुन्या, नाठाळ औषधांवर. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, जी मला फार आवडते: आपला कोणता रुग्ण गोळ्या नीट घेतो ह्याचा डॉक्टरांचा अंदाजही बऱ्याचदा चुकला होता. (तोंडावरून ओळखतो म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे ऐकवते, आधी स्वतःला.) पण टोपणाला उघडणं कळतं, गिळणं कळत नाही. आठवड्याच्या सात गोळ्या एकदम काढून डबीत ठेवल्या तर ते म्हणेल सहा दिवस बुडवले. तुम्ही रविवारी मोजायला उघडलीत तर ती एक गोळी धरेल. आणि पित्ताच्या औषधाबद्दल तेही तुमच्या साड्यांइतकंच अडाणी. पैसे घालवू नका.

रक्तातलं औषध थेट मोजायच्याही युक्त्या आहेत. साध्या रक्तातली पातळी फक्त गेल्या काही दिवसांचं सांगते, त्यामुळे तपासणीच्या आधी तीन दिवस शहाण्यासारखं वागलं की ती सुंदर येते. तांबड्या पेशींत टेनोफोव्हिर साठून राहतं, तिथे मागच्या कित्येक आठवड्यांचा माग लागतो. केसांत तर महिन्यांचा, कारण केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो. पण हे सगळं संशोधनाच्या प्रयोगशाळांतलं, तुम्हाला त्याची गरज नाही. तब्येत आणि वजनावरही जाऊ नका, ते सगळ्यांत शेवटी बोलतं.

गरज आहे ती नीट विचारण्याची. 'सगळ्या घेतल्या ना?' ह्या प्रश्नाला जगात एकच उत्तर आहे. आम्ही ते विचारणं सोडून दिलं आणि म्हणू लागलो, 'सगळ्यांच्याच राहतात कधी ना कधी. तुमची शेवटची कधी राहिली?' उत्तर बदलायचं. महिन्याचं विचारू नका, माणसाला महिना आठवत नाही. गेल्या चार दिवसांचं विचारा: काल, परवा, तेरवा. कधी मी कागदावर वीतभर रेघ ओढायची. ह्या टोकाला एकही नाही, त्या टोकाला सगळ्या, कुठे बसता तिथे फुली मारा. तोंडाने 'सगळ्या' म्हणणारी माणसं पेन हातात आलं की जरा अलीकडेच फुली मारायची. का ते मला आजही सांगता येणार नाही.

माझंच सांगते. मला थायरॉइडची गोळी आहे, सकाळी उपाशीपोटी. कुणी विचारलं असतं तर छातीठोक सांगितलं असतं, कधीच चुकत नाही. एकदा शंभर गोळ्यांची बाटली उघडली त्याची तारीख टोपणावर लिहून ठेवली. शंभराव्या दिवशी बाटलीत सतरा गोळ्या होत्या. म्हणजे खिडकीत बसून मी ज्यांना 83 टक्क्यांवरून झापलं, त्यांच्याच पंगतीत मी. आणि माझ्या गोळीपायी मला काही लपवावं लागत नाही, ती ओट्यावर मिठाच्या बरणीशेजारी असते.

दिराला सांगायचं नाही. ह्यात 'पण' नाही. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, आणि विश्वासाने कळलेली दुसऱ्याची ही गोष्ट त्याच्या संमतीशिवाय कुणापुढे उघड करायची नाही असं तो सांगतो. कायदा बाजूला ठेवला तरी दीर लक्ष ठेवणार म्हणजे काय करणार? गोळी गिळताना समोर उभा राहणार? तुमच्या मालकांना उद्या बांधावर त्याच्याबरोबरच काम करायचंय. त्यांनाच वाटलं, की भावाला माहीत असलं तर बरं, तर ते सांगतील. समुपदेशकाच्या मदतीने सांगता येतं.

आता तुमच्याबद्दल, पत्रात तुम्ही स्वतःला एका ओळीत उरकलंय. रिपोर्टात विषाणू दिसत नव्हता तोवर संबंधांतून तो तुमच्यापर्यंत पोहोचत नव्हता. 2,300 वर ते सुरक्षा कवच धरता येत नाही. आकडा खाली येऊन तसा रिपोर्ट हातात पडेपर्यंत दर वेळी निरोध, आणि तुमची स्वतःची तपासणी परत करून घ्या. ती मोफत असते. कुणाला विचारायचं असेल आणि केंद्रात जाणं होत नसेल तर 1097 हा सरकारी मोफत फोन आहे, नाव सांगावं लागत नाही.

तर रविवारची मोजणी बंद करा, किंवा खरं तर बंद करू नका, उघड करा. एका रात्री दोघं बसा, कपाटातून बाटली काढा आणि त्यांनाच मोजू द्या. तुम्ही एवढंच म्हणा, 'पाच निघाल्या तेव्हा मी फार बोलले.' जमलं तर एवढंही सांगा, की चोरून मोजत होते. मग कॅलेंडर घ्या, भिंतीवर असतं तेच, ज्यावर दूध आणि गॅसची तारीख लिहिता. गोळी घेतली की त्या तारखेवर एक साधा ठिपका. सासूबाईंना तो दुधाचा वाटेल. राहिली तर ठिपका नाही, आणि जमलं तर शेजारी एक अक्षर: 'ला' म्हणजे लाईट, 'पा' म्हणजे पाहुणे. महिनाअखेरीला हे पान समुपदेशकाला माझ्या ट्रेवरच्या गणितापेक्षा जास्त सांगेल, कारण त्यात कोणत्या राहिल्या आणि का राहिल्या हे दिसेल. राहिलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्यायची. दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

आणि पुढच्या तारखेची वाट बघू नका, ह्याच आठवड्यात केंद्रात जाऊन या. जमत असेल तर दोघं जा. केंद्राचं हिरवं पुस्तक, बाटली कापसासकट, कॅल्शियमच्या गोळ्यांचं पाकीट घ्या, आणि मालक 'ती कशाला' म्हणाले तरी पित्ताची ती गुलाबी बाटलीही पिशवीत टाका.